बिनपगारी ‘ट्रायल’मागचा कायदा

‘उमेदवारी’ या शब्दाचा एक जुना अर्थ आता मागे पडला आहे: नोकरी लागेल या आशेवर बिनपगारी राबणे. मुलाखतीला आलेल्याला ‘एक दिवस काम करून दाखवा, मग बघू’ असे सांगतात, तेव्हा तीच उमेदवारी नव्या नावाने समोर येते.

अमेरिकेच्या १९३८च्या श्रममानक कायद्याने एखाद्याला काम करू देणे म्हणजेच त्याला कामावर ठेवणे, अशी व्याख्या केली. ती इतकी रुंद होती की शिकाऊ माणूसही तीत बसावा. १९४७मध्ये पोर्टलंड टर्मिनल या रेल्वे कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिला मर्यादा घातली. ब्रेकमन, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणारे कामगार, होऊ पाहणारे उमेदवार सात-आठ दिवस यार्डात बिनपगारी शिकत. त्यांच्यामुळे कायम कामगारांची गरज कमी होत नव्हती, उलट काम कधी कधी खोळंबायचे. कंपनीला तात्काळ फायदा नाही, म्हणून हे कामगार नाहीत, असे न्यायालय म्हणाले. कंपनी जिंकली, पण या निकालातून निघालेला ‘फायदा कोणाचा?’ हा प्रश्न माझ्या मते उमेदवाराच्याच उपयोगाचा आहे. भरल्या दुकानात गिऱ्हाईक सांभाळणारा माणूस शिकत नसतो, धंदा चालवत असतो.

न्यूझीलंडच्या रोजगार न्यायालयाने २०१३मध्ये सॅलडच्या दुकानातील प्रकरणात जवळपास हेच मानले: तिथे काही तास चाचणी म्हणून काम केलेली स्त्री त्या वेळेतही कर्मचारीच होती.

ब्रिटनमध्ये १९९८च्या किमान वेतन कायद्यात चाचणीकामाचा वेगळा उल्लेख नव्हता. बिनपगारी ट्रायलवर बंदी घालणारे खासदार स्टुअर्ट मॅकडोनल्ड यांचे विधेयक मार्च २०१८मध्ये मतदानापर्यंत पोहोचलेच नाही; भाषणांतच वेळ संपला. त्याच वर्षाअखेरीस सरकारी मार्गदर्शन आले: एका दिवसाहून लांबलेल्या चाचणीला, अगदी अपवाद वगळता, वेतन द्यावे लागेल. ऑस्ट्रेलियात कौशल्य दाखवायला लागेल तेवढाच वेळ बिनपगारी चालतो, फार तर एक पाळी.

डिझाइन, लेखन, कोडिंगमध्ये ही चाचणी घरी गेली. तिथे तास मोजणारे कोणी नसते. मात्र कॉपीराइटचा कायदा उमेदवाराच्या बाजूने उभा राहतो. अनेक देशांत नोकरीत केलेल्या कामाची मालकी आपोआप मालकाकडे जाते. जो नोकरीवर नाहीच, त्याच्या कामावर, लेखी हस्तांतर नसेल तर, हक्क त्याचाच राहतो. म्हणून ‘तू आमचा कर्मचारी नव्हतास’ असे सांगून पैसे नाकारणाऱ्या कंपनीला ते डिझाइन वापरण्याआधी त्याची परवानगी घ्यावी लागते.