शेतात पुरलेली नाणी सापडल्यास : जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावयाची सूचना, पात्रता, कागदपत्रे आणि मोबदला

नाशिक जिल्ह्यात नांगरट करताना, विहिरीचे काम चालू असताना किंवा जुन्या वाड्याचा पाया उकरताना नाण्यांनी भरलेले मडके हाती लागणे शक्य आहे, कारण हा प्रदेश सातवाहनकाळापासून व्यापारी मार्गांवर होता आणि पेशवाईत नाशिक व चांदवड या दोन्ही ठिकाणी टांकसाळी चालत होत्या. आता मेटल डिटेक्टर सहज विकत मिळू लागल्यामुळे अशा ठेव्यांचा मुद्दाम शोध घेणारी मंडळीही दिसू लागली आहेत. यंत्राच्या साहाय्याने शोधलेला ठेवा आणि नांगराला अडकून वर आलेला ठेवा यांत कायदा काहीही फरक करत नाही. दोन्हींना १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम लागू होतो. जमिनीत किंवा जमिनीला पक्क्या जोडलेल्या वास्तूत दडवून ठेवलेली कोणतीही मूल्यवान वस्तू या कायद्याच्या दृष्टीने निधी असते आणि तिची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल तर सूचना देणे बंधनकारक आहे. ही मर्यादा दीडशे वर्षांपूर्वीची आहे. आज चांदीचे एखादे नाणेही ती ओलांडते, म्हणून आपला ठेवा लहान आहे असे समजून कोणी गप्प राहू नये.

शोध घेण्यापूर्वी

नाण्यांच्या शोधासाठी डिटेक्टर फिरवण्याचा वेगळा परवाना देणारी योजना आपल्याकडे नाही, त्यामुळे प्रश्न यंत्रापेक्षा जागेचा आणि खोदण्याचा असतो. पांडवलेणी किंवा सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर यांसारख्या केंद्र संरक्षित स्मारकांच्या क्षेत्रात खोदकामास १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्याने मनाई आहे, तर राज्य संरक्षित स्थळांना १९६० चा महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा लागू आहे. पुरातत्त्वीय हेतूने उत्खनन करायचे असेल तर ती जागा संरक्षित नसली तरी केंद्र शासनाची मान्यता लागते. गावाबाहेरचे पांढरीचे टेकाड, गढी किंवा जुन्या वस्तीची जागा डिटेक्टर घेऊन उकरणे म्हणूनच टाळावे. नाशिकच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये झालेल्या शास्त्रीय उत्खननातून गोदाकाठच्या प्राचीन वस्तीचे एकावर एक साचलेले थर उलगडले, आणि अशा थरांमधून खणलेला एक अविचारी खड्डा ते वाचण्याची शक्यता कायमची संपवतो.

खासगी शेतात शोध घ्यायचा असल्यास जमीनमालकाची लेखी संमती घ्यावी आणि सापडलेल्या ठेव्याची वाटणी कशी करायची याचा करारही त्याच वेळी लिहून ठेवावा. हा कागद पुढे फार महत्त्वाचा ठरतो, कारण शोधक आणि जागामालक यांच्यात करार असल्यास वाटणी त्या करारानुसार होते. व्यवहारातील एक अडचणही येथे सांगायला हवी. नाशिकची काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली असून तिच्यात चुंबकीय खनिजे भरपूर असतात, आणि द्राक्षबागांमध्ये लोखंडी अँगल, तारा व त्यांचे तुटलेले तुकडे जागोजागी पडलेले असतात. यंत्र सतत खोटे संकेत देते, आणि प्रत्येक संकेतावर खड्डा पाडणाऱ्या माणसाच्या हाती बहुधा तारेचा तुकडाच लागतो, बागेच्या मुळांना मात्र नाहक धक्का बसतो.

गुप्तधन काढून देण्याच्या नावाखाली मांत्रिकाकडून नरबळी किंवा अघोरी विधी करून घेणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

ठेवा दिसल्यावर

नाणी दिसताच खोदणे थांबवावे. मडके उचलू नये, आतील नाणी ओतून मोजू नयेत आणि हिरव्या गंजाने एकमेकांना चिकटलेली नाणी सोडवण्याचा प्रयत्न करू नये. घरी नेऊन चिंच, लिंबू किंवा भांडी घासण्याची पावडर लावली की नाण्यावरील अक्षरे आणि मुद्रा झिजतात, आणि नाण्याचे खरे मोल त्या अक्षरांतच असते. जागेचे व मडक्याचे छायाचित्र घ्यावे, बांधापासूनचे अंतर मोजून लिहून ठेवावे आणि शक्य असल्यास राज्य पुरातत्त्व विभागाच्या नाशिक येथील विभागीय कार्यालयाला लगेच कळवावे. इंग्लंडमध्ये २०१० साली फ्रोम गावाजवळ एका शोधकाच्या डिटेक्टरने संकेत दिला. वरची काही नाणी हाती येताच त्याने हात आवरला आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावले. त्या मडक्यातून ५२,५०३ रोमन नाणी थरांनुसार बाहेर काढता आली, आणि ती मडक्यात कोणत्या क्रमाने टाकली गेली हेही त्यामुळे समजले.

ठेवा एकत्र राहणे किती मोलाचे असते हे आपल्याच जिल्ह्याने दाखवून दिले आहे. सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये क्षहरात वंशातील शक क्षत्रप (शासक) नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली आणि त्यांतील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा उमटवलेली होती. पांडवलेण्यातील त्याची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात गौतमीपुत्राला क्षहरात वंश निःशेष करणारा म्हटले आहे. त्या विधानाला या ठेव्याने धातूतील पुरावा दिला. हीच नाणी गावातल्या घराघरांत वाटली जाऊन सोनाराच्या मुशीत गेली असती, तर हे प्रमाण कोणालाही मोजता आले नसते.

सूचनेचा अर्ज आणि कागदपत्रे

यासाठी छापील नमुन्याची आवश्यकता नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे साधा लेखी अर्ज पुरतो. अर्जात तीन गोष्टी असणे कायद्याने अनिवार्य आहे : निधीचे स्वरूप आणि त्याचे प्रमाण किंवा अंदाजे मूल्य, तो सापडल्याची जागा आणि सापडल्याची तारीख. सूचना शक्य तितक्या लवकर द्यावयाची आहे. तिच्यासोबत निधी जवळच्या शासकीय कोषागारात जमा करावा किंवा जिल्हाधिकारी सांगतील तेव्हा आणि तेथे तो हजर करण्याची हमी द्यावी. माझ्या मते कोषागारात जमा करणेच उत्तम, कारण घरात ठेवलेल्या नाण्यांपैकी एखादे जरी कमी भरले तरी संशय शोधकावर येतो.

तलाठ्याला किंवा पोलीस पाटलाला तोंडी सांगितले म्हणजे काम झाले असे अनेकांना वाटते, परंतु कायदा लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांनाच द्यायला सांगतो. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात आणि एका प्रतीवर आवक शाखेचा शिक्का व तारीख घेऊन ती जपून ठेवावी. ओळखपत्राची प्रत, जमिनीचा सातबारा, मालकाची संमती किंवा करार, छायाचित्रे आणि पंचांसमक्ष केलेली नाण्यांची संख्या व वजनाची नोंद ही कागदपत्रे कायद्याने नाव घेऊन मागितलेली नाहीत, परंतु चौकशीत त्यांचाच आधार मिळतो. विशेषतः मजुरीवर खोदणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाती ठेवा लागला असेल तर अर्जावर शोधक म्हणून आपले नाव स्पष्ट लिहावे. शोधकाचा हक्क प्रत्यक्ष शोधणाऱ्याचा असतो, आणि गरीब माणसाचे नाव कागदावरून गळण्याला वेळ लागत नाही.

चौकशी आणि पात्रता

सूचना मिळाल्यावर जिल्हाधिकारी चौकशी करून अधिसूचना प्रसिद्ध करतात आणि ठेव्यावर हक्क सांगणाऱ्यांना ठरलेल्या दिवशी हजर राहण्यास सांगतात. हा दिवस अधिसूचनेनंतर चार महिन्यांपूर्वीचा आणि सहा महिन्यांनंतरचा नसतो. जागा शोधकाव्यतिरिक्त इतर कोणाच्या ताब्यात असेल तर त्याला स्वतंत्र लेखी नोटीस दिली जाते. त्या दिवशी स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत हजर न राहणाऱ्याचा, मग तो जागेचा मालक का असेना, हक्क संपुष्टात येतो. म्हणून ही तारीख कोणत्याही कारणाने चुकवू नये. ठेवा सापडण्यापूर्वीच्या शंभर वर्षांच्या आत तो हजर झालेल्या दावेदाराने किंवा त्याच्या पूर्वहक्कदाराने (ज्याच्याकडून त्याचा हक्क आला त्याने) पुरला होता असे मानण्यास कारण असेल, तर दिवाणी दाव्यासाठी मुदत दिली जाते. तसे कारण नसल्यास किंवा दावा टिकला नाही तर निधी बेवारस घोषित होतो. या घोषणेविरुद्ध दोन महिन्यांत मुख्य नियंत्रक महसूल प्राधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

मोबदला

बेवारस ठरलेल्या निधीवर जागेचा मालक म्हणून दुसऱ्या कोणी हक्क सांगितला नाही, तर तो संपूर्णपणे शोधकाला मिळतो. मालकाने दावा केला, त्यावर वाद नसला आणि दोघांत करारही नसला, तर तीन चतुर्थांश भाग शोधकाचा व उरलेला मालकाचा असतो. निधी शासनाला हवा असेल तर वाटणीपूर्वी जिल्हाधिकारी तो संपादित करू शकतात आणि त्या वेळी धातूची किंमत अधिक तिचा पाचवा भाग इतकी रक्कम देतात. समजा चांदीची किंमत एक लाख रुपये ठरली, तर एकूण एक लाख वीस हजार मिळतील आणि वरील प्रमाणात शोधकाला नव्वद हजार व मालकाला तीस हजार मिळतील.

ही पद्धत मला न्याय्य वाटत नाही. सातवाहनांच्या तांब्याच्या किंवा शिशाच्या नाण्याचे मोल त्यातील धातूवर ठरवले तर हाती काही रुपये येतात, मग अभ्यासकांसाठी ते नाणे कितीही दुर्मिळ असो. इंग्लंडमध्ये संग्रहालयाने ठेवा घेतल्यास स्वतंत्र समिती बाजारमूल्य ठरवते आणि ते साधारणपणे शोधक व जमीनमालक यांच्यात समान वाटले जाते. फ्रोमच्या ठेव्याचे मोल ३,२०,२५० पौंड ठरले होते. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला सोनारापेक्षा फारसे जास्त मिळणार नसेल तर ठेवे मुशीतच जाणार, म्हणून या कलमात बाजारमूल्याचा निकष यायला हवा. तोवर अर्जदाराने एक करावे : संपादनाच्या वेळी धातूचे वजन आपल्यासमोर करून घ्यावे आणि मूल्यांकनाची प्रत मागून घ्यावी.

सूचना न देणाऱ्याचा वाटा शासनजमा होतो आणि दोष सिद्ध झाल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लपवण्यास साथ देणाऱ्या जागामालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वाट्याला आलेली नाणी शंभर वर्षांहून जुनी असतील तर ती पुरावस्तू ठरतात. १९७२ च्या कायद्यानुसार खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाहीत आणि अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही.