हरलेल्या डावाची नोंद : हौशी ऑनलाइन बुद्धिबळाची पार्श्वभूमी

पांढऱ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, काळ्यानेही तेच केलं. दोन्हीकडचा एकेक घोडा बाहेर आला आणि पांढऱ्याचा उंट सी-४ वर, म्हणजे सी या उभ्या रांगेतल्या चौथ्या घरावर, जाऊन बसला. इथे काळ्याने आपला घोडा उचलून सरळ डी-४ वर ठेवला आणि ई-५ चं प्यादं उघडं पडलं. मिळतंय तर घ्यावं, म्हणून पांढऱ्याच्या घोड्याने ते मारलं. काळ्याचा वजीर जी-५ वर आला. आता त्याची नजर पांढऱ्याच्या घोड्यावर आहे आणि जी-२ च्या प्याद्यावरही आहे. पांढऱ्याला मात्र अजून आपलंच वरचढ वाटतंय, कारण त्याचा घोडा एफ-७ वर उडी मारून हत्ती आणि वजिरावर एकदम चालून जातो. पण वजीर आधीच तिथून निघालेला असतो. तो जी-२ चं प्यादं मारतो, पांढरा हत्ती एफ-१ वर सरकवतो, वजीर ई-४ चं प्यादं मारून शह देतो, उंट ई-२ वर आडवा येतो आणि काळ्याचा घोडा एफ-३ वर येऊन बसतो. सातव्या चालीला मात.

या सापळ्याला ब्लॅकबर्न शिलिंग गॅम्बिट म्हणतात. ब्लॅकबर्न हा जुना इंग्लिश खेळाडू आणि नावातलं शिलिंग कॉफीहाउसमधल्या पैजेचं, असं सांगतात. दहा मिनिटांच्या ऑनलाइन डावात मी एकाच आठवड्यात दोनदा यात सापडलो, कारण पहिल्यांदा हरल्यावर लगेच ‘नवा डाव’ दाबला होता. हौशी खेळाडूचं रेटिंग, म्हणजे त्याचं बळ दाखवणारा आकडा, वर्षानुवर्षं एका जागी का अडतं, याची बरीचशी गोष्ट मात झाल्यानंतरच्या त्या एका मिनिटात आहे. ते मिनिट पूर्वी कसं जायचं आणि आता कसं जातं, यात या खेळाचा दोनशे वर्षांचा इतिहास आला.

आपल्याकडे मुळात नियमच दोन होते. देशी पद्धतीत प्यादं साधारणपणे एकच घर पुढे जायचं आणि राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरचा ग्रंथ युरोपीय पद्धतीशी जुळवून १८१४ मध्ये मुंबईत छापला गेला, तेव्हापासून दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदल्या. पंजाबचे मीर सुलतान खान देशी पद्धतीत तयार झालेले. इंग्लंडला गेल्यावर त्यांनी १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदं मिळवली. स्वतंत्र भारताची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये एलुरूला झाली आणि रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले.

त्या काळात सगळ्यात दुर्मीळ गोष्ट म्हणजे आपल्या तोडीचा प्रतिस्पर्धी. गावात पट मांडून बसणारे चारच जण असायचे आणि त्यांच्या खोडी महिनाभरात पाठ व्हायच्या. मुंबईच्या खाडिलकर भगिनींकडे मी नेहमी या नजरेने पाहतो. वासंती खाडिलकर १९७४ मध्ये पहिल्या राष्ट्रीय महिला विजेत्या झाल्या. पाठोपाठ जयश्री आणि रोहिणी यांनीही ते अजिंक्यपद मिळवलं. रोहिणी १९८१ मध्ये आशियाई विजेत्या ठरल्या. त्यांच्या मेहनतीला तोड नाही, पण एकाच घरात तीन तगडे खेळाडू असणं ही तेव्हा केवढी श्रीमंती होती, हे एकट्याने पुस्तक समोर ठेवून पट मांडलेल्यालाच कळेल.

प्रतिस्पर्धी कमी होते, म्हणून हरलेला डाव जपला जायचा. स्पर्धेत प्रत्येक चाल कागदावर लिहिणं बंधनकारक, त्यामुळे डाव लिहिलेला घरी यायचा आणि पुढचा डाव मिळेपर्यंत तोच पुन्हा पुन्हा मांडला जायचा. सोव्हिएत परंपरेत याला शिस्तीचं रूप आलं. १९४८ साली विश्वविजेते झालेले मिखाईल बोटविनिक आपल्याच डावांवर टिपणं लिहून ती प्रसिद्ध करण्याचा आग्रह धरायचे, कारण छापलं की चूक दुसरा दाखवून देतो.

रेटिंगची गोष्ट तिकडे अमेरिकेत सुरू झाली. अर्पाद इलो हे हंगेरीत जन्मलेले, मिलवॉकीतल्या मार्केट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक आणि स्वतः उत्तम खेळाडू. त्यांची पद्धत अमेरिकन महासंघाने १९६० मध्ये आणि जागतिक महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. कल्पना साधी आहे. दोघांचं रेटिंग सारखं असेल तर दोघांकडून निम्म्या गुणांची अपेक्षा. २०० गुणांचा फरक असेल तर वरच्याकडून शंभरात सुमारे ७६ गुणांची आणि ४०० चा असेल तर सुमारे ९१ ची. निकाल अपेक्षेपेक्षा चांगला आला की आकडा वर, वाईट आला की खाली. इलोंना स्वतःला या आकड्याबद्दल कसलाही भ्रम नव्हता. खेळाडूचं बळ मोजणं म्हणजे पाण्यावर हेलकावणाऱ्या बुचाची जागा, वाऱ्यावर झुलणाऱ्या दोरीला बांधलेल्या पट्टीने मोजण्यासारखं आहे, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. रोज रात्री पंधरा गुण गेले म्हणून झोप उडवून घेणाऱ्यांनी हे वाक्य वाचायला हवं. पुढे १९९५ मध्ये मार्क ग्लिकमन यांनी ग्लिको पद्धत मांडली. त्यात आकड्याबरोबर त्या आकड्याची खात्री किती, हेही धरलं जातं. आजची ऑनलाइन रेटिंग बहुतेक याच घराण्यातली आहेत.

यातून एक गोष्ट निघते, जी नवख्याला कुणी सांगत नाही. ऑनलाइन यंत्रणा तुम्हाला शोधून शोधून तुमच्याच तोडीचा प्रतिस्पर्धी देते. म्हणजे तुम्ही कितीही सुधारलात तरी निम्म्याच्या आसपास डाव हरणारच. हरणं हा सुधारणा होत नसल्याचा पुरावा नव्हे. आणि एका संकेतस्थळावरचे १५०० म्हणजे दुसरीकडचे १५०० नव्हेत. लिचेस या संकेतस्थळावर तर प्रत्येकाची सुरुवातच १५०० पासून होते.

नेटवरचा खेळ जानेवारी १९९२ मध्ये सुरू झाला. यूटा विद्यापीठातल्या मायकल मूर यांनी इंटरनेट चेस सर्व्हर उभा केला. टेलनेट या दूरच्या संगणकाशी जोडणाऱ्या जुन्या सोयीने जोडून घ्यायचं, पडद्यावर अक्षरांनी काढलेला पट यायचा आणि चाल टाइप करायची. चाल तारांमधून पोचेपर्यंत तुमचं घड्याळ चालूच राहायचं, त्यामुळे दूरदेशी बसलेला माणूस चांगली स्थिती असून वेळेवर हरायचा. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे संगणकतज्ज्ञ डॅनियल स्लेटर यांनी हा सर्व्हर हाती घेतला. खेळाडूच्याच संगणकावर विचाराचा वेळ मोजायचा आणि वाटेतला वेळ वगळायचा, असा उपाय आला. न्याय्य घड्याळाशिवाय जलद डाव शक्यच नव्हते, म्हणून मला हा शोध रेटिंगइतकाच मोठा वाटतो. १९९५ मध्ये सर्व्हरला वर्गणी लागू झाली आणि तो इंटरनेट चेस क्लब झाला. ते न पटलेल्यांनी त्याच वर्षी फुकट सर्व्हर उभा केला.

त्याच १९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. पण तासाच्या हिशेबाने पैसे मोजणारा माणूस बुद्धिबळ किती खेळणार? आपल्याकडे खरा फरक पडला तो २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाल्यावर. तोवर चेस डॉट कॉम २००७ मध्ये आणि थिबो द्युप्लेसी यांचं विनामूल्य, जाहिरातींविना चालणारं लिचेस २०१० मध्ये सुरू झालं होतं.

प्रतिस्पर्ध्यांचा दुष्काळ संपला. त्याच सुमारास दुसरी दुर्मीळ गोष्टही मुबलक झाली : निर्णय. १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाने विश्वविजेत्या कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवलं, तेव्हा त्यासाठी खास बनवलेलं यंत्र लागलं होतं. २००८ मध्ये आलेलं स्टॉकफिश हे खुलं इंजिन, म्हणजे चाली शोधणारी संगणक-प्रणाली, आज खिशातल्या फोनवर चालतं आणि कोणत्याही विश्वविजेत्यापेक्षा बळकट आहे. डाव संपला की दोन सेकंदांत लाल खुणा. चूक कुठे झाली हे कळतं. ती का झाली हे कळत नाही, कारण मी काय विचार करत होतो हे इंजिनाला माहीत नसतं. वरच्या डावात ते चुकीच्या चालीवर प्रश्नचिन्ह लावतं आणि थांबतं.

मग खेळाडू नेमकं सुधारतो कशाने, हा प्रश्न मानसशास्त्रज्ञांनी बराच आधी हाती घेतला होता. डच संशोधक आणि स्वतः मास्टर दर्जाचे खेळाडू आद्रियान द ग्रोट यांनी १९४० च्या दशकात आणि विल्यम चेस व हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये खेळाडूंना पट काही सेकंद दाखवून तो पुन्हा मांडायला लावला. खऱ्या डावातली स्थिती असेल तर मास्टर बहुतेक सोंगट्या जागच्या जागी ठेवायचा, नवशिक्याला मोजक्याच आठवायच्या. सोंगट्या वाटेल तशा विखुरल्या की दोघांमधला फरक जवळजवळ मिटायचा. म्हणजे मास्टरची स्मरणशक्ती अचाट नसते, त्याच्या डोळ्यांत ओळखीचे आकृतिबंध साठलेले असतात. पटावरची कोडी सोडवण्याचा आजचा सारा पसारा याच समजुतीवर उभा आहे.

प्रौढ हौशी खेळाडूंना या वाटेवर आणलं ते मायकल द ला माझा या अमेरिकन माणसाने. २००१ मध्ये त्याने लिहिलं की आपण ४०० दिवसांत ४०० गुण कमावले. पद्धत अशी : हजारेक कोडी ६४ दिवसांत सोडवायची, मग तीच ३२ दिवसांत, मग १६, असं करत शेवटी एका दिवसात. जगभर लोकांनी हे करून पाहिलं आणि अनेक जण थकून गेले. तो स्वतःही लवकरच स्पर्धांतून बाहेर पडला. तरी ‘तिशीनंतर काही होत नाही’ ही समजूत त्याने हलवली, हे श्रेय मी त्याला देतो. फर्नांड गोबे आणि गिलेर्मो कॅम्पितेली यांनी २००७ मध्ये अर्जेंटिनाच्या खेळाडूंचा अभ्यास केला. मास्टर पातळीला पोचायला कुणाला ३,००० तास लागले होते, तर कुणाला २३,००० हून जास्त. नील चार्नेस आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात सगळ्यात वजनदार ठरला तो एकट्याने बसून केलेला अभ्यास.

२०२० मध्ये टाळेबंदी आली आणि सगळं पडद्यावर आलं. मुंबईचे सागर शाह यांच्यासारखे आंतरराष्ट्रीय मास्टर डाव समजावून सांगताना घराघरांत दिसू लागले. त्या ऑगस्टमधल्या ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम फेरीत नाशिकचा विदित गुजराथी कर्णधार होता. निर्णायक लढतीत निहाल सरीन आणि नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख यांचं नेट तुटलं आणि दोघं वेळेवर हरले. भारताने दाद मागितल्यावर भारत आणि रशिया संयुक्त विजेते जाहीर झाले. टेलनेटच्या काळातलं ते घड्याळाचं दुखणं अठ्ठावीस वर्षांनी पुन्हा वर आलं. याच दिव्याने २०२५ मध्ये बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला. ऑनलाइन खेळणाऱ्यांची गर्दीही वाढतच गेली. डिसेंबर २०२२ मध्ये चेस डॉट कॉमने दहा कोटी सदस्यांचा टप्पा गाठला.

या गर्दीत डावाची नोंद आपोआप होते, म्हणूनच ती कुणी पाहत नाही. पूर्वी कागदावर चाल लिहिताना हात थांबायचा, तेवढा वेळ डोकं चालायचं. आता ती जागा मुद्दाम करावी लागते. अनुभवी प्रशिक्षक शिष्याला आधी इंजिन बंद ठेवायला सांगतात, ते याच कारणाने. डाव एकदा स्वतः चालवायचा, जिथे शंका आली होती तिथे काय वाटलं होतं ते लिहायचं, मग यंत्राला विचारायचं. आठवड्याला दोन संथ डाव असे उलगडले तरी चालतात. रोज तीस बुलेट, म्हणजे मिनिटा-दोन मिनिटांचे, डाव खेळले तर ते जमणारच नाही.

माझ्या वहीत त्या सापळ्यापुढे तीन ओळी आहेत. “चाल ४. प्यादं फुकट का मिळतंय, हे विचारलं नाही. त्याचा वजीर कुठे जाऊ शकतो, पाहिलं नाही. डी-४ वरचा घोडा घोड्याने मारायचा होता.” महिन्याभराने तोच घोडा पुन्हा डी-४ वर आला. मी तो मारला, काळ्याने ई-प्याद्याने परत मारला, मी कॅसलिंग केलं, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजा सुरक्षित केला. डाव पुढे बेचाळीस चाली चालला आणि बरोबरीत सुटला. त्याचीही पानभर नोंद आहे.