अप्रेंटिस झालो, पुढे घेतील का? : मुंबईतल्या एका जुन्या अपेक्षेची पार्श्वभूमी

मुंबईत आयटीआयचा फिटर किंवा टर्नर ट्रेड पास झालेल्या मुलाला घरचे आधी विचारतात, अप्रेंटिसशिप कुठे लागली? मग लगेच, तिथे पुढे घेतात का? या दुसऱ्या प्रश्नाला कायद्याने कधीच होकार दिलेला नाही. तरी तो विचारला जातो, कारण या शहरातल्या कारखान्यांनी काही दशकं अनेकांना तो होकार देऊन टाकला होता.

गिरणगावात, म्हणजे मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या भागात, शिकायची रीत निराळी होती. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला कापड गिरणी उभारली आणि पुढे गिरण्या वाढत गेल्या, तशी भरती जॉबरच्या, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाच्या, हातात गेली. कोकणातून, घाटावरून आलेला मुलगा गाववाल्याच्या ओळखीने जॉबरपुढे उभा राहायचा, बदली म्हणून, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, आत जायचा आणि शेजारच्या साच्यावर (मागावर) नजर ठेवून काम उचलायचा. या व्यवस्थेबद्दल आजही जिव्हाळ्याने बोललं जातं. पण कोणी काय शिकायचं हे तिथे जातीवर ठरत होतं, हे विसरून चालणार नाही. मागावरच्या धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि दलितांच्या स्पर्शाचा विटाळ मानला जाई, म्हणून जास्त मजुरीच्या विणकाम खात्याची दारं दलित कामगारांना बंद होती. १९२८-२९ च्या संपांच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता.

रीतसर उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप, वाढली ती गोदी आणि रेल्वेच्या आधाराने. परळ, लोअर परळ आणि माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपांना, माझगावच्या जहाज दुरुस्तीला मोजमाप कळणारा कारागीर लागत होता. १८८७ मध्ये सुरू झालेली आणि १९२३ मध्ये माटुंग्याला आलेली व्हीजेटीआय ही संस्था तांत्रिक शिक्षणाची गरज ओळखूनच उभी राहिली.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली, तिच्यातून आयटीआय उभ्या राहिल्या. मग १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आला. कारखान्यांना अप्रेंटिस घेणं बंधनकारक झालं, विद्यावेतन ठरलं, शेवटी ट्रेडची परीक्षा आली. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी आणि डिप्लोमाधारक इंजिनीअरही त्यात आले. त्यांच्या अप्रेंटिसशिपसाठीच्या चार विभागीय मंडळांपैकी पश्चिम विभागाचं मंडळ मुंबईतच आहे.

याच कायद्यात दोन कलमं अशी होती, ज्यांचा अर्थ बऱ्याच मुलांना मुदत संपतानाच कळतो. कलम १८ नुसार अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. कलम २२ नुसार मुदत संपल्यावर त्याला नोकरी देणं मालकावर बंधनकारक नव्हतं.

पण कुर्ल्यात प्रीमियरच्या गाड्या बनत होत्या, विक्रोळी, कांजूर, भांडुपपासून ठाण्यापर्यंत इंजिनीअरिंग कंपन्यांची रांग होती, तेव्हा हे कलम २२ कोणाला फारसं बोचलं नाही. वर्षभर मशीनवर हात बसलेला मुलगा कंपनीलाही हवा असे. शेजारचा कोणी चिकटला, परमनंट झाला, त्याचं लग्न ठरलं, हे चाळीतली पोरं बघत होती. अपेक्षा तिथून आली.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्यांना पूर्वीचे दिवस आले नाहीत. इंजिनीअरिंग कारखान्यांचं आकसणं त्या मानाने गाजावाजा न होता झालं. जमिनीचा भाव वाढला, उत्पादन पुणे-चाकणकडे आणि त्याही पलीकडे गेलं, उरलेल्या कामावर कंत्राटी माणसं आली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित अप्रेंटिसला प्राधान्य द्यावं असं म्हटलं, नोकरीचा हक्क मात्र मान्य केला नाही. २०१४ च्या दुरुस्तीने कलम २२ बदललं. आता प्रत्येक मालकाने आपल्या अप्रेंटिसच्या भरतीचं स्वतःचं धोरण ठरवायचं आहे. माझ्या मते इथे सरकारने हात आखडता घेतला. धोरण ठरवा म्हटलं, ते कसं असावं याची किमान अट घातली नाही.

रेल्वेने आपल्या अप्रेंटिसांसाठी सर्वांत खालच्या श्रेणीच्या भरतीत २० टक्के जागा राखल्या. ट्रेड शिकलेल्या मुलांना हे तोकडं वाटलं. २० मार्च २०१८ च्या सकाळी माटुंगा-दादर दरम्यान ती रुळांवर उतरली आणि मध्य रेल्वेच्या लोकल थांबल्या. ही मर्यादा काढा, सर्वांना सामावून घ्या, अशी त्यांची मागणी होती. प्रवाशांचे हाल झाले हे खरं, पण त्या सकाळपर्यंत या मुलांची दखल शहराने घेतली नव्हती, हेही तितकंच खरं.

२०१९ च्या नियमांनी आयटीआय उत्तीर्ण अप्रेंटिसला महिना किमान ७,००० रुपये, डिप्लोमाधारकाला ८,००० आणि पदवीधराला ९,००० रुपये ठरवून दिले. एवढ्या पैशांत आईवडिलांच्या घरी राहूनच अप्रेंटिसशिप पुरी करता येते. चाकणला खोली घेऊन राहायचं, तर हातात काय उरणार? म्हणून अनेक मुलं आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतात, आणि सुपरवायझर म्हणून कारखान्यात जायचं ठरवतात.