एक्झोराच्या दांडीवर पराग कुणाचे?

परवा विश्रामबागेत शेजारची सातवीतली मुलगी एक्झोरा या शोभेच्या झुडपाची फुलं तोडून मधली बारीक दांडी ओढत होती आणि बुडाशी आलेला मधाचा थेंब चाटत होती. सांगलीच्या कितीतरी अंगणांत मुलं हा खेळ खेळतात. दांडीच्या वरच्या टोकाला पिवळसर भुकटी होती. "काका, पराग आहेत, म्हणजे हा पुंकेसर ना?"

तर्क बरोबर, उत्तर चूक. तो स्त्रीकेसर, फुलाचा मादी भाग! मग त्यावर पराग कुठून आले?

कळी मिटलेली असतानाच आतले चार परागकोश फुटतात आणि आपले पराग मधल्या स्त्रीकेसराच्या टोकाला फासतात. फूल उमललं की परागकोश पाकळ्यांच्या मधून मागे वळतात, सुकतात. त्यांचं काम संपलेलं असतं. स्त्रीकेसर मात्र हा माल घेऊन फुलाबाहेर उभा राहतो. पण स्वतःचेच पराग त्याच्यावर रुजत नाहीत, कारण टोकाच्या दोन पाळ्या नमस्काराला जोडलेल्या हातांसारख्या घट्ट मिटलेल्या असतात. पराग लागतात तळहातांच्या पाठीला. कुक्षीचा, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकाचा, पराग रुजवून घेणारा भाग आत, तळव्यांवर. पराग वाहून गेल्यावर पाळ्या उघडतात आणि तेच फूल आता मादीचं काम करतं. याला परागांचं दुय्यम सादरीकरण म्हणतात. सूर्यफुलातही स्त्रीकेसरच पराग वर ढकलतो.

हे सगळं फुलपाखरासाठी. मध तीनेक सेंटीमीटर लांब, सुईसारख्या नळीच्या तळाशी असतो. मधमाशीची जीभ सहा-सात मिलिमीटरची, ती तिथवर पोचतच नाही. बहुरूपी किंवा निळवंत फुलपाखरू सोंड आत घालतं तेव्हा त्याचं डोकं, सोंड नेमकी त्या दांडीला घासते.

लिनीअसने १७५३ मध्ये 'इक्झोरा' हे नाव नोंदवलं. मूळ शब्द आपलाच, ईश्वर. कुळ कॉफीचं.

आपल्याकडे मात्र याची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि कुणीतरी नजर लागली म्हणून कुंडीला काळी बाहुली बांधतं. लोह न मिळाल्यानं उसाची पानं पिवळी पडतात, ज्याला शेतकरी केवडा म्हणतात, तोच हा प्रकार. कृष्णाकाठच्या चुनखडीच्या काळ्या मातीत लोह असतं, पण मातीच्या विम्लतेमुळे (अल्कधर्मी गुणामुळे) ते विरघळत नाही, मुळांना मिळत नाही. बाहुली सोडा, हिराकसाचं (फेरस सल्फेटचं) सौम्य द्रावण पानांवर फवारा आणि कुंडीत शेणखत, लाल माती घाला.

त्या मुलीला भिंग दिलंय. सध्या ती एकाच गुच्छात मिटलेले हात आणि उघडलेले हात वेगवेगळे मोजते आहे.