टेप फिरते, पण चित्र फुटतं

नाशिकचं २००३चं सिंहस्थ आलं तेव्हा घरगुती शूटिंगसाठी मिनी डीव्ही, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटवर भरणारा कॅमेरा जोरात होता. रामकुंडावरची गर्दी, त्या वर्षांतली लग्नं, मुंजी, बारशी असं बरंच काही त्या काडेपेटीएवढ्या कॅसेटांमध्ये आहे. आता पुढचं सिंहस्थ जवळ येतंय तशा या कॅसेट कपाटातून बाहेर निघताहेत, आणि तक्रार बहुतेक एकच असते: टेप फिरते, पण चित्राचे आडवे पट्टे पडतात. एक पट्टा नीट, त्याखालचा गोठलेला किंवा चौकोनांनी भरलेला, मग पुन्हा एक नीट. ‘हेड (टेपवरचं चित्र वाचणारा भाग) गेलं’ असं ऐकून लोक कॅमेरा भंगारात टाकतात. तसं करू नका. हे पट्टेच दुखणं कुठे आहे ते सांगत असतात.

मिनी डीव्हीची टेप ६.३५ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला जेमतेम १९ मिलिमीटर सरकते. पण ज्या ड्रमला ती गुंडाळलेली असते, तो २१.७ मिलिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला ९००० फेरे घेतो. ड्रमवर समोरासमोर दोन हेड असतात. ते टेपवरून सेकंदाला सुमारे दहा मीटर वेगाने घासत जातात आणि तिरक्या रेघा वाचतात. प्रत्येक रेघ फक्त १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. आपल्याकडच्या ‘पाल’ या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं असतात आणि एका चित्राच्या १२ रेघा. पहिली रेघ एक हेड वाचतं, दुसरी दुसरं, असं आळीपाळीने. म्हणजे एकाच हेडवर मळ बसला तरी बारांतल्या सहा रेघा जातात आणि पडद्यावर एकाआड एक पट्टा बिघडतो. वाचता न आलेल्या जागी कॅमेरा आधीच्या चित्राचा तुकडा बसवतो, म्हणून तो भाग गोठल्यासारखा दिसतो.

एवढ्याशा मळाने इतकं कसं बिघडतं? टेपवरच्या सर्वांत बारीक चुंबकीय लहरीची लांबी जवळपास अर्धा मायक्रॉन असते. हेड आणि टेप यांच्यात अंतर पडलं की सिग्नल किती घटतो, याचं गणित बेल लॅब्जमधले संशोधक वॉलेस यांनी १९५१ मध्ये मांडलं. अंतर लहरीच्या लांबीइतकं झालं, तर सुमारे ५५ डेसिबलची घट, म्हणजे सिग्नल जवळपास संपलाच. त्या हिशेबाने मळाचा थर मायक्रॉनचा फक्त दहावा हिस्सा असला, तरी सिग्नल एक तृतीयांशाहूनही खाली येतो. डोळ्याला हेड स्वच्छ दिसतं आणि तरी ते आंधळं झालेलं असतं.

म्हणून आधी तपासणी. जुन्या कॅसेटची छोटी पट्टी ‘सेव्ह’कडे सरकवा, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. मग कोऱ्या टेपवर मिनिटभर शूट करून लगेच बघा. नव्या शूटिंगलाही पट्टे पडले, तर हेड मळलेलं असण्याची शक्यता जास्त. नवं स्वच्छ आणि जुनंच फुटतंय, तर टेपकडे बघा, नाहीतर ती ज्या कॅमेऱ्यावर भरली त्याच्याकडे. दोन कॅमेऱ्यांच्या जुळणीत काही मायक्रॉनचा फरक असला, तरी एकाची टेप दुसऱ्यावर नीट चालत नाही. एलपी (लाँग प्ले, म्हणजे एकाच टेपवर जास्त वेळ भरायच्या) मोडमध्ये भरलेल्या टेपची रेघ तर ६.७ मायक्रॉनचीच असते, तिथे चुकायला जागाच उरत नाही. मूळ कॅमेरा नातेवाइकांकडे पडून असेल, तर तो आधी मागवा.

हेड साफ करायला कोरडी क्लीनिंग कॅसेट दहा सेकंद चालवणं पुरे. ती घासूनच मळ काढते, त्यामुळे पुन्हा पुन्हा चालवली तर हेडच झिजतं. कानात घालायची कापूसकाडी आत नेऊ नका. तिचे धागे अडकतात आणि वर-खाली पुसलं तर हेडचं नाजूक टोक तुटतं. जाणकार दुरुस्तीवाले आयसोप्रोपाइल अल्कोहोलने ओलं केलेलं, धागे न सुटणारं कापड ड्रमला स्थिर टेकवतात आणि ड्रम हाताने हळू फिरवतात.

आपल्याकडच्या पावसाळ्याचं वेगळंच. पंचवटीतल्या ओल धरणाऱ्या जुन्या घरात कॅसेट वर्षानुवर्षं राहिली असेल, तर कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून आतली टेप उजेडात बघा. गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे. ती टेप कॅमेऱ्यात मुळीच घालू नका. बुरशी ड्रमवर बसते आणि पुढच्या चांगल्या टेपलाही लागते. एसी गाडीतून दमट हवेत आणलेला कॅमेरा दव पडल्याची सूचना देऊन बंद पडला, तर तो बिघडलेला नसतो. कॅसेट बाहेर काढून तासभर तसाच उघडा ठेवा.

चित्र स्वच्छ आलं की कौतुकाने पुन्हा पुन्हा बघत बसण्याआधी फायरवायरने (कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायच्या डिजिटल केबलने) कॉम्प्युटरवर उतरवा. टेपवरचा डेटा तसाच्या तसा येतो, दर्जा घटत नाही. तासाभराच्या टेपला सुमारे १३ जीबी जागा लागते. ती आधीच मोकळी करून ठेवा, कारण कॉपी मध्येच थांबली तर जुनी टेप पुन्हा ड्रमवरून न्यावी लागते.