तळहातावरचा दगड, शाईचे ठिपके आणि ‘हाताने कोरलेले’चा घोळ

शिंपले, बियांची बोंडे, जाळीदार गोळे अशी तळहातावर मावणारी दगडी शिल्पे आणि त्याच आकारांची शाईची रेखाटने. निसर्गातून आकार उचलणे अजिंठ्याच्या छतांइतके जुने आहे, पण या जोडीचा धागा 19व्या शतकातल्या सूक्ष्मदर्शकापासून धरलेला बरा.

1872 ते 1876 या काळात एका ब्रिटिश जहाजाने जगभरच्या समुद्रतळाचा गाळ उपसला. त्यात रेडिओलारिया सापडले: एकपेशीय जीव, पण सांगाडा काचेच्या जाळीसारखा. एका जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने 1887च्या अहवालात त्यांच्या 4 हजारांवर जाती नोंदवल्या. 1900च्या पॅरिस प्रदर्शनाचे प्रवेशद्वार याच सांगाड्यांवर बेतलेले होते. त्या प्राणिशास्त्रज्ञाची चित्रे वाजवीपेक्षा सुबक असल्याचा आक्षेप रास्त आहे. कलावंतांना मात्र तो सुबकपणाच भावला.

शाईचा ठिपका आला छापखान्यातून. लाइन ब्लॉकवर, म्हणजे रेखाचित्र छापायच्या धातूच्या ठशावर, करडा रंग उमटत नाही, काळे किंवा पांढरे एवढेच. त्यामुळे सावली हवी तिथे ठिपके दाट, उजेडात विरळ. आजही 0.1 मिलिमीटरच्या पेनाने तसेच काम चालते. पेन सरळ उचलले नाही तर ठिपक्याला शेपूट फुटते आणि शंखाची गोलाई तिथेच बिघडते.

खरा गुंता आहे तो ‘हाताने कोरलेले’ या शब्दांत. 19व्या शतकातला युरोपीय शिल्पकार बहुधा मातीत नमुना करी. त्याची प्लास्टरची प्रत निघे आणि पगारी कारागीर मोजणीयंत्राने एकेक बिंदू संगमरवरावर उतरवत. आपल्या म्हणीत टाकीचे घाव दगड सोसतो. तिथे घाव घालणारा एक आणि सही करणारा दुसरा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही तरुणांनी हे नाकारले. नमुना नाही, थेट दगडाला हात, आणि दगड सांगेल तसा आकार. 1930च्या दशकाच्या आरंभी एका शिल्पकर्तीने गुलाबी अ‍ॅलाबास्टर या मऊ दगडाच्या छोट्या शिल्पाला आरपार भोक पाडले. ते काम पुढे महायुद्धात नष्ट झाले, पण भोक मात्र सगळ्यांनी उचलले. पाटा असो की मारुती, गेरूने रेघ आखून टाकी लावणाऱ्या आपल्या पाथरवटाला या ‘क्रांती’चे काही नवल वाटले नसते.

म्हणजे मूळ वाद अवजाराचा नव्हताच. दगडापुढे निर्णय कोण घेतो, याचा होता. आज तो ग्राइंडरवर येऊन अडकला आहे. विजेवरचे हत्यार वापरले की हातकाम संपले, ही व्याख्या मला कोती वाटते. बेसॉल्टच्या कठीण काळ्या दगडावर दिवसभर ग्राइंडर धरणाऱ्याचे खांदे विचारा. शंखजिऱ्याचा दगड नखाने ओरखडतो, अ‍ॅलाबास्टरही जवळजवळ तसाच. तिथे कानस आणि पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर पुरतो. ओला अशासाठी की शंखजिऱ्याच्या काही दगडांत अ‍ॅस्बेस्टॉस असते आणि ती धूळ छातीत जाते.

1917मध्ये शंखाच्या वळणाचे गणित एका ग्रंथात आले: शंख वाढतो, पण घाट बदलत नाही. 1952मध्ये एका इंग्रज गणितज्ञाने दोन रसायनांच्या पसरण्यातून ठिपके आणि पट्टे कसे उमटू शकतात हे मांडले. आता ती समीकरणे संगणकावर चालतात आणि त्यातून निघालेली नक्षी संगणकाच्या हुकमाने चालणारे सीएनसी यंत्र दगडात उतरवते. जुने मोजणीयंत्रच परतले म्हणा, फक्त पगारी कारागीर गेला. अशा वस्तूवर शेवटी पॉलिश पेपर हाताने फिरवला, तर विक्रीच्या चिठ्ठीवर ‘हाताने कोरलेले’ लिहायचे की नाही यावर एकमत नाही. जाणकार ग्राहक वस्तू उलटी करून तळाशी हत्यारांच्या खुणा शोधतो. अ‍ॅलाबास्टरवर त्याही कानशीने मुद्दाम उठवता येतात.