टाका छोटा, पण हाड कापावंच लागतं

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, पावलाच्या आतल्या कडेला उंचवटा येतो. बुटाला घासून तो लाल होतो, चालताना चवडा दुखतो. जास्तीचं हाड वाढलंय, तासून टाकलं की झालं, असं अनेकांना वाटतं. पण तिथे नवं फारसं काही वाढलेलं नसतंच. अंगठ्यामागचं लांब हाड, म्हणजे पहिलं मेटाटार्सल, दुसऱ्या पायाच्या दिशेने सरकलेलं असतं आणि अंगठा उलट्या बाजूला, शेजारच्या बोटावर कललेला असतो. उंचवटा असतो तो सरकलेल्या हाडाच्या टोकाचा. अंगठ्याचा हा कल 15 अंशांपुढे गेला की डॉक्टर त्याला हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात. बऱ्याचदा तो घराण्यातून येतो; अरुंद टोकाचे बूट त्यात भर घालतात. रात्री बांधायच्या पट्ट्यांनी फार तर आराम पडेल, मोठ्या माणसाचं हाड जागेवर येत नाही.

म्हणजे हाड कापून सरकवणं आलंच. खुल्या शस्त्रक्रियेत त्यासाठी काही सेंटिमीटरची चीर देतात. मिनिमली इन्व्हेजिव्ह पद्धतीत दोन-तीन मिलिमीटरची मोजकी छिद्रं पुरतात. त्यांतून ‘बर’ नावाचं बारीक, फिरतं पातं आत जातं. सर्जनला हाड प्रत्यक्ष दिसत नाही; तो सी-आर्म या फिरत्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर पाहत कापतो. पातं तापलं तर हाड भाजतं, म्हणून ते हळू फिरवायचं आणि वर सलाइनची धार सोडायची. मग हाडाचं टोक शेजारच्या बोटाकडे ढकलून स्क्रूंनी पक्कं करतात. कधी ते इतकं सरकवतात की एक्स-रेमध्ये दोन तुकडे जेमतेम टेकलेले दिसतात. पाहून धडकीच भरावी! तरीही ते सहसा जुळतात, कारण भोवतालचं आवरण फारसं सोलवटलेलं नसतं, रक्तपुरवठा टिकतो आणि मधली जागा नव्या हाडाने भरत जाते. मला या सगळ्यात सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते.

टाका छोटा म्हणून ऑपरेशन छोटं, हा मात्र गैरसमज. कडक तळव्याच्या खास बुटात रुग्ण बहुधा लगेच चालू लागतो, पण हाड सांधायला साधारण सहा आठवडे लागतातच. सूज तर काही महिने रेंगाळते. सुरुवातीचं दुखणं कमी आणि व्रण नगण्य, हे फायदे खरे आहेत. पुढे मात्र खुल्या शस्त्रक्रियेशी तुलना केली तर निकालात फार फरक उरत नाही. शिवाय या पद्धतीवर सर्जनचा हात बसायला वेळ लागतो, आणि पात्याच्या वाटेजवळूनच अंगठ्याला संवेदना देणारी नस जाते. म्हणून ‘अशा किती केल्या आहेत?’ हे सर्जनला बेधडक विचारावं. सांधाच झिजला असेल तर ही पद्धत उपयोगाची नाही. तिथे बहुधा तो सांधा कायमचा जोडून टाकतात. आणि पाय दुखत नसेल, नुसता वाकडा दिसत असेल, तर हाडाला हात न लावलेलाच बरा.